काजव्यांचा फोटो खरा, पण तसं दिसत नाही. आणि टॉर्च लावून तर मुळीच नाही

मे संपत आला की आमच्या विश्रांतवाडीतल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच फोटो फिरतो. अख्खं झाड हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांनी लगडलेलं, खाली भंडारदरा, पुरुषवाडी नाहीतर राजमाची, आणि 'काही सीट शिल्लक'. असे बहुतेक फोटो म्हणजे कॅमेरा स्टँडवर ठेवून काढलेले कित्येक लाँग एक्स्पोजर एकावर एक चढवलेले असतात. काजवा क्षणभर चमकतो आणि विझतो. फोटोत मात्र अर्ध्या तासाचे सगळे ठिपके एकदम दिसतात.

मुळात हा उजेड येतो कुठून? काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं रसायन असतं. ऑक्सिजन, पेशींचं इंधन असलेलं एटीपी आणि ल्युसिफरेझ हे एन्झाइम एकत्र आलं की ल्युसिफेरिनचं रूप बदलतं आणि प्रकाश बाहेर पडतो. उष्णता जवळपास नाहीच. एटीपीशिवाय हा दिवा पेटत नाही, हे अमेरिकेत विल्यम मॅकेलरॉय यांनी 1947 मध्ये दाखवलं. त्यांना प्रयोगासाठी हजारो काजवे लागायचे, ते शाळकरी पोरं पैसे घेऊन पकडून द्यायची!

आता ल्युसिफेरिन कारखान्यात बनतं. 1985 मध्ये ल्युसिफरेझचं जनुकही वेगळं काढता आलं. ते जनुक कर्करोगाच्या पेशींत घालायचं, त्या पेशी उंदरात सोडायच्या, मग ल्युसिफेरिनचं इंजेक्शन द्यायचं. जिथे गाठ, तिथे उजेड. औषध लागू पडतंय का, हे उंदीर न मारता आठवड्यामागून आठवडे बघता येतं. पण त्यासाठी उंदीर पूर्ण काळोख्या पेटीत ठेवतात आणि कॅमेऱ्याचा सेन्सर शून्याच्या खूप खाली थंड करतात, कारण हा उजेड फार म्हणजे फारच मंद असतो.

लॅबमध्ये एवढा काळोख जपतात, आणि आपण सह्याद्रीत जाऊन काय करतो? फोटोसारखं दिसलं नाही की टॉर्च लावतो. टॉर्चने ल्युसिफेरिनला काही होत नाही, काजव्याचं लग्न मोडतं. नर चमकून मादीला खूण करतो, मादी उत्तर देते. पांढऱ्या झोतात ती खूणच बुडते. प्रौढ काजव्याच्या हातात जेमतेम काही आठवडे असतात, आणि आपल्याकडे ते नेमके पावसाआधीचे, शनिवार-रविवारच्या गर्दीचे. त्यावर गाड्यांचे हेडलाइट आहेतच.

जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पुरुषवाडीसारख्या गावाला या पाहुण्यांचे चार पैसे मिळतात, आणि ते मिळावेत. फक्त फोनचा फ्लॅश 'ऑटो'वर असेल तर तो गाडीतच बंद करा, ब्राइटनेस तळाला न्या. फोटो हवाच असेल तर छोटा स्टँड आणि नाइट मोड. हातात धरून काढाल तर ठिपक्यांच्या रेघा होतील, किंवा फोनचं सॉफ्टवेअर त्यांना 'नॉइज' समजून पुसूनही टाकेल. आणि सहल बुक करताना आयोजकाला एक प्रश्न जरूर विचारा: जाहिरातीतला हा फोटो किती फोटो जोडून केलाय?