नव्या वनस्पतीचे मराठी बारसे

सह्याद्रीत सापडलेल्या नव्या वनस्पतीस केवळ मराठी वर्णनाने शास्त्रमान्यता मिळत नाही. १९३५ पासून लॅटिनची सक्ती होती. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालते, इतकेच. जगातील शास्त्रज्ञांस समाईक भाषा हवी, हे आम्हांस मान्य आहे. परंतु सोबत मराठी वर्णन छापण्यास कोणता नियम आड येतो? १६७८ साली ‘हॉर्टस मलबारिकस’ या लॅटिन ग्रंथानेही वैद्यांची कोकणी साक्ष देवनागरीत छापलीच होती. कंदीलपुष्पाच्या कित्येक जाती मोजक्या कड्यांवरच आढळतात. त्यांचे रक्षण तेथील गुराख्याने करावे, आणि त्यांची ओळख मात्र त्याला परक्या भाषेत कुलूपबंद असावी, हा कोठला न्याय? दोष नियमाचा नव्हे. मराठी लिहिण्यास लाजणाऱ्या विद्वानांचा आहे!