ऑफिसातला धूर आणि आपलं मौन



गेल्या दिवाळीनंतर माझ्या सुनेने एक नवीनच रीत सुरू केली. ऑफिसातून आली की ओढणी गॅलरीत टाकायची, सरळ न्हाणीघरात जायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि मगच स्वयंपाकघरात यायचं. थंडीत खडकवासल्याला धरणावरचा वारा कसा बोचतो ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. एकदा न राहवून विचारलं, "अगं, रोज रात्री केस कशाला ओले करतेस?" ती म्हणाली, "आई, केसांना सिगारेटचा वास येतो. तसंच घरात वावरायला नको वाटतं."

मग हळूहळू सगळं कळलं. ऑफिस लहान, एसीमुळे खिडक्या बंद. दोन वरिष्ठ हिच्या टेबलामागच्या पॅन्ट्रीत ओढतात, बाकीचे जिन्यात. ते ओढायला गेले की त्यांचे फोन हिने घ्यायचे. मी बी.कॉम. झालेली, हिशेब केल्याशिवाय राहवेना. दिवसाला चार वेळा, दहा-दहा मिनिटं, महिन्याचे पंचवीस दिवस. हजार मिनिटं झाली, म्हणजे सोळा तास चाळीस मिनिटं. एकेका माणसाचं महिन्यातलं दोन दिवसांचं काम दुसऱ्याच्या अंगावर, आणि वर धूर फुकट.

हे मी स्थानकात प्रवचनानंतर चारचौघींत बोलले. उत्तर लगेच आलं. "नोकरी करायची तर एवढं सोसावंच लागतं. आपल्याला समताभाव शिकवलाय ना?" दुसरी म्हणाली, "नाहीतर घरी बसव तिला."

हा लेख त्या दोन उत्तरांविरुद्ध आहे.

आधी समताभावाचं बघू. साधू-साध्वी परिषह सोसतात ते स्वतःच्या कर्मनिर्जरेसाठी, स्वतःहून पत्करून. माझ्या सुनेने धुराची दीक्षा घेतलेली नाही. आणि तिने सोसल्याने सुटका कुणाची होते? ओढणाऱ्याची सवय तशीच, शेजारच्या टेबलावरच्या मुलीचा खोकला तसाच. मनात राग न धरता खरं बोलणं हासुद्धा समताभावच आहे.

आपण करणं, करवणं आणि अनुमोदन या तिन्ही गोष्टी लहानपणापासून ऐकतो. कुणी जाणती म्हणेल, श्रावकाचं व्रत दोन करणांचं असतं, अनुमोदनेची सूट आहे. मान्य. पण सूट मिळाली म्हणून दोष नाहीसा होत नाही. मी स्वतः त्या दोषाची धनीण आहे. १९८१ साली पदवी घेतल्यावर लग्नापर्यंत तीन वर्षं मी पेठेतल्या एका कचेरीत हिशेब लिहीत होते. साहेब खोलीत बसून ओढायचे. शिपाई रजेवर असला की त्यांचा राखेचा डबा मी रिकामा करायची, कारण मी सगळ्यांत लहान आणि बाईमाणूस. नाकाला पदर लावला, पण तोंड उघडलं नाही. तेव्हा कायदा नव्हता, हे माझं निमित्त होतं. आज ते निमित्तही उरलेलं नाही.

दुसरं उत्तर, "तो स्वतःची छाती जाळतोय, आपल्याला काय?" जपानमध्ये हिरायामा नावाच्या संशोधकांनी धूम्रपान न करणाऱ्या नव्वद हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांची चौदा वर्षं पाहणी केली. १९८१ मध्ये निष्कर्ष छापून आला. नवरा जास्त ओढणारा असेल तर न ओढणाऱ्या बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. घरातला धूर जे करतो तेच बंद ऑफिसातला धूर करतो. दुसऱ्याच्या धुराने जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसं जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत, बंद जागेत काम करणाऱ्या दर दहांतल्या तिघांना कामाच्या ठिकाणी हा धूर सोसावा लागत होता. पाणी गाळून पिणाऱ्या आपण, श्वासाबद्दल इतक्या उदार कधीपासून झालो?

आता "घरी बसव" याबद्दल. चूक करणारा खुर्चीत आणि न करणारी घरी, हा कुठला न्याय? मुंबईच्या मुरली देवरांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई करणारा आदेश दिला. मग २००३ चा कायदा आला. २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांत कामाची जागासुद्धा सार्वजनिक ठिकाण धरली आहे. दारावर मनाईची पाटी हवी, तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव हवं, आत राखेचे डबे ठेवायचे नाहीत. दंड दोनशे रुपयांपर्यंत. आणि तक्रार येऊनही मालक किंवा मॅनेजर गप्प बसला तर दंड त्यालाही. म्हणजे सून उपकार मागत नव्हती, कायद्याने तिचं असलेलं मागत होती.

आम्ही दोघींनी रात्री बसून पत्र लिहिलं. कुणाचं नाव घेतलं नाही, टोमणा मारला नाही. नियम लिहिला आणि दोन मागण्या: पॅन्ट्रीतलं ओढणं बंद व्हावं, आणि फोनची पाळी सगळ्यांची असावी. आणखी दोघांनी सही केली, त्यांतला एक स्वतः ओढणारा. पाटी लागली, पॅन्ट्री मोकळी झाली. एका वरिष्ठांनी आठ दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. जिन्यातला धूर अजून आहे. त्याचं पत्र पुढच्या महिन्यात.

पण मैत्रिणींनो, बोट दाखवताना आपल्याकडेही बघू या. ओढणाऱ्याला आपण पापी म्हणून मोकळ्या होतो. सप्तव्यसनांच्या यादीत तंबाखूचं नाव नाही, कारण ती आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर, फार नंतर आली. पण व्यसन तर व्यसनच. त्यात अडकलेल्या माणसाचा तिरस्कार करून ते सुटत नाही. सुनेने त्या सही करणाऱ्या सहकाऱ्याला व्यसनमुक्तीचा सरकारी मोफत नंबर दिला, १८००-११-२३५६. करुणा म्हणतात ती हीच.

आणि आपल्यातल्या किती घरांची किराणा दुकानं आहेत? काउंटरवर सिगारेटची पाकिटं कोण ठेवतं? प्रतिक्रमणात पंधरा कर्मादानांची नावं घेताना विषवाणिज्य आपण एका दमात म्हणून टाकतो. माझ्या माहेरच्या दुकानातही पाकिटं होती. भावाशी यावरून माझं दोन वर्षं वाजलं, तेव्हा कुठे ती हलली. गल्ला कमी झाला, हेही खरं.

एवढंच सांगायचं आहे. तुमची लेक किंवा सून असं काही घेऊन घरी आली, तर "सांभाळून घे" म्हणू नका. कागद-पेन घेऊन तिच्याजवळ बसा. माझ्या सुनेचे केस आता संध्याकाळी कोरडे असतात.

काही कठोर लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम. मुद्दा मात्र मागे घेत नाही.