वनस्पति-परिचय : खैर

नवग्रहांच्या होमांत सूर्याला रुई, चंद्राला पळस, तशी मंगळाला खैराची समिधा लागते, हें घरांतील वडील मंडळींस ठाऊक असतें. जेवणानंतर विडा रंगतो तो याच झाडाच्या कातानें. देवघरांत आणि पानाच्या डब्यांत अशी दोन्हीकडे वहिवाट असलेला खैर उभा कसा दिसतो, हें मात्र पुष्कळांस सांगतां येणार नाहीं.

गडचांदूर हें गांव आज सिमेंटच्या कारखान्यांमुळें सर्वांस माहीत आहे. तेथून माणिकगडाच्या डोंगराळ रानाकडे वळलें, कीं खडकाळ, कोरड्या जमिनीवर साग, धावडा, तेंदू यांच्या संगतींत खैर भेटतो. साल काळपट, उभ्या पट्ट्यांनीं सुटणारी. देठांच्या बुडाशीं आंकड्यासारख्या वांकड्या कांट्यांची जोडी, पदर अडकला तर सहजासहजीं न सोडणारी! पानें मात्र लाजाळूसारखीं नाजूक, पिसाऱ्याचीं. हें साम्य वरवरचें नव्हे. लाजाळू व खैर एकाच कुळांतले असून, १७८२ सालीं धाकट्या लिनीअसनें खैराला ‘मिमोझा कॅटेचू’ असेंच नांव दिलें होतें. पुढें तो ‘अकेशिया’ झाला व आतां ‘सेनेगालिया’ आहे. इतकीं नांवें बदलूनही झाडानें आपला एकही कांटा कमी केला नाहीं.

कात निघतो तो खोडाच्या तांबड्या गाभ्यांतून. सालींतून किंवा पानांतून नव्हे. झाड तोडून बाहेरचें फिकट लाकूड तासून टाकतात, गाभ्याच्या ढलप्या करून त्या पाण्यांत उकळतात, आणि तो काढा गाळून आटवून कांहीं दिवस थंड जागीं ठेवतात. तळाशीं जो सांका बसतो तो फडक्यांत दाबून त्याच्या वड्या पाडल्या, कीं झाला खाण्याचा कात. उरलेलें गडद पाणी आटवून रंगाचा कात होतो. मासे धरण्याचीं जाळीं व शिडांचें कापड टिकाऊ करण्यास तो वापरीत. कोंकणांतील कातकऱ्यांचें नांवच या धंद्यावरून पडलें आहे.

चरकानें कुष्ठघ्न द्रव्यांत खैराला पहिलें स्थान दिलें आहे, आणि खदिरारिष्ट आजही वैद्यांच्या फडताळांत असतें. तोंड आलें असतां कात लावण्याची घरगुती चाल तर सर्वत्र आहे. परंतु तेवढ्यावरून विडा औषधी समजूं नये. सुपारीचा विडा तंबाखूवांचूनही कर्करोगास कारण होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केला आहे. घरांतल्या पानाच्या डब्याविषयीं हें लिहिणें आम्हांस गोड वाटत नाहीं. पण लिहिलेंच पाहिजे.

दुसरी गोष्टही तितकीच विचार करण्यासारखी आहे. कातासाठीं अख्खें झाड मारावें लागतें, आणि गाभा भरण्यास त्याला अनेक वर्षें लागतात. म्हणजे आजोबांनीं लावलें तर नातवाच्या हातीं पडेल, असा हा हिशेब. ज्या घरांत समिधा लागतात, त्या घरानें शेताच्या बांधावर एक-दोन खैर लावणें अवघड नाहीं. हिवाळ्यांत चपट्या शेंगा तपकिरी झाल्या कीं काढाव्या, आणि किडीनें पोखरलेलें बीं टाकून द्यावें. जुनें बीं नीट उगवत नाहीं, म्हणून त्याच वर्षाचें घ्यावें. मृगाच्या सुमारास तें रात्रभर पाण्यांत भिजवून जागच्या जागींच टोकावें, कारण मुळी सरळ खोल जाते व रोप उपटून लावलें तर दुखावतें. पाणी तुंबणारी जागा आणि दुसऱ्या झाडाची सावली त्याला मुळींच मानवत नाहीं. पहिलीं दोन वर्षें तण काढावें व शेळ्यांपासून जपावें. पुढें तो आपला आपण वाढतो. मुलें खेळतात त्या अंगणांत तो नसावा, हें सांगणें नको.

एवढें ध्यानांत असावें, कीं महाराष्ट्रांत १९६४ च्या झाडतोड नियमनाच्या कायद्याच्या यादींत खैर आहे. तेव्हां स्वतःच्या बांधावरचा असला तरी तो तोडण्यापूर्वीं सरकारी परवानगी घ्यावी लागते. समिधांपुरत्या काटक्या मात्र वाळून खालीं पडलेल्याच पुष्कळ मिळतात.