'बेस्ट ऑफ' नको, अख्खी मैफल द्या!

"७३ सीड्या? आणि गाणी बरीचशी तीच तीच? वेड लागलंय का?" ग्रेटफुल डेडच्या 'युरोप ७२ : द कम्प्लीट रेकॉर्डिंग्ज' या बॉक्स सेटचा विषय काढला की ही प्रतिक्रिया ठरलेली. खरी चीड येते ती पुढच्या वाक्याची : "त्यातलं बेस्ट निवडून तीन सीड्या करायच्या ना!"

अहो, तेही करून झालंय! १९७२ च्या एप्रिल-मे मध्ये या कॅलिफोर्नियाच्या बँडने युरोपात २२ कार्यक्रम केले आणि ते सगळे १६ ट्रॅकवर रेकॉर्ड झाले. त्याच वर्षी तीन एलपींचा अल्बम निघाला. वेगवेगळ्या रात्रींतले निवडक तुकडे, वर गायकी स्टुडिओत परत गाऊन दुरुस्त केलेली. अल्बम झकास आहे, वाद नाही. पण त्यात 'डार्क स्टार' नाही! रॉटरडॅमला हे एक गाणं ४० मिनिटांच्या वर चाललं होतं. एलपीच्या एका बाजूवर मावतात २०-२५ मिनिटं. म्हणजे या बँडची खरी ताकद जिथे दिसते, नेमकं तेच 'बेस्ट'मधून गळलं. २२ च्या २२ मैफली एकत्र यायला २०११ उजाडलं. ३९ वर्षं!

'तेच तेच' हा आरोप तर निदान आपण मराठी लोकांनी करूच नये. सवाई गंधर्वला जाणारा माणूस "यमन मागच्या वर्षी ऐकलाय, आता कशाला?" असं म्हणतो का? राग तोच, पण आज तो कसा उलगडला हे ऐकायला आपण थंडीत बसतो. डेडचंही तसंच. दोन रात्रींमधला फरक, तेच तर संगीत.

आमच्या भाषेत सांगायचं तर निवड म्हणजे रिपोर्ट आणि मूळ रेकॉर्डिंग म्हणजे डेटाबेस. रिपोर्ट हवे तेवढे काढा, प्रत्येकाची आवड वेगळी. पण रिपोर्ट छान आला म्हणून डेटाबेस उडवणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल?

कलाकाराला एखादी मैफल बाहेर येऊ द्यायची नसेल, तर तो त्याचा हक्क. तिथे माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण आहे ते "लोकांना एवढं कोण ऐकणार?" असं लोकांच्या वतीने परस्पर ठरवणाऱ्यांशी. 'युरोप ७२'चे ७२०० सेट काढले, सगळे खपले. डेडने १९८४ पासून मैफली टेप करणाऱ्या श्रोत्यांना वेगळी जागाच दिली होती. श्रोत्यांवर एवढा विश्वास!

आपल्याकडे खाजगी बैठकींच्या किती टेपा कपाटांत पडून असतील. टेप कायमची टिकत नाही. उद्या कुणी त्यांचा संच काढायला घेतला, तर कृपा करून तानपुरे जुळवण्यापासून भैरवीपर्यंत सगळं ठेवा. सुरुवातीचा न तापलेला आवाज, मधली दाद, तबलजीशी झालेली नजरानजर ऐकू येते ती जागा, सगळं. कंटाळा आला तर पुढे ढकलायचं बटण आमच्या हातात आहे. कापलेलं परत जोडायचं बटण मात्र कुणाकडेच नाही.

असो. पटतंय का बघा.