टेकडीवरच्या वाटेत आपलाही वाटा

सायकल आपल्या वस्तीला नवी नाही. पहाटे पेपर टाकणारा मुलगा, दूध घालणारा, कंपनीच्या पहिल्या पाळीला जाणारा कामगार, झाडू दांडीला बांधून निघालेला सफाई कामगार, अशांनीच पुण्याला सायकलींचे शहर हे नाव मिळवून दिले. पुढे गाडी आली, तिचे हप्ते आले आणि सायकल भिंतीला टेकून गंजली. आता तीच सायकल जाड टायर आणि गिअर लावून तळजईवर, वेताळ टेकडीवर फिरताना दिसते. तिच्यावर बसलेला माणूस मात्र बहुतेक वेळा वस्तीतला नसतो.

आणि या टेकड्यांच्या पायथ्याशी राहते कोण? जनता वसाहत, तळजई वसाहत, जनवाडी. टेकडी आपल्या दारातून सुरू होते. तरी वर जायचे ते सरपणासाठी, नाहीतर पत्ते कुटायला, एवढीच तिची आणि आपली ओळख राहिली आहे.

डोंगरवाटांवर सायकल चालवणारे आणि त्या वाटा स्वतःच्या हाताने दुरुस्त ठेवणारे गट असतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवर 1970 च्या दशकात काही पोरांनी जुन्या सायकलींना जाड टायर बसवून उतारावरून सोडल्या, तिथून हा खेळ सुरू झाला. वाटा खराब होतात म्हणून जेव्हा सायकलींना बंदी होऊ लागली, तेव्हा स्वारांनी फावडे हातात घेतले. 1988 साली त्यांची आंतरराष्ट्रीय संघटनाही उभी राहिली. ज्याने वाट वापरायची त्यानेच ती राखायची, हा त्यांचा नियम. असा गट जवळपास असेल तर आपल्या मुलामुलींनी, आणि त्यांच्या आईबापांनीही, त्यात जावे असे आमचे मत आहे. नसेल तर विहारातल्या तरुणांनी तो काढावा.

हे आम्ही महिला मंडळाच्या बैठकीत मांडले तेव्हा एका ज्येष्ठ उपासकांनी विचारले, "फुकट फावडं मारायचं? आमच्या बापजाद्यांनी तेच केलं की जन्मभर." हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. महार वतनाच्या नावाखाली गावकीची कामे रात्रंदिवस करून घेतली गेली आणि बदल्यात मिळाले ते बलुते, शिळेपाके आणि अपमान. त्या वतनात बदल करण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. ती वतने कायद्याने संपायला 1958 साल उजाडले. श्रमदान हा शब्द आपल्या कानाला गोड लागत नसेल तर त्यामागे एवढा इतिहास आहे.

पण वेठ आणि स्वेच्छेचे काम यांत फरक आहे, आणि तो तपासता येतो. वेठीत काम एकाचे आणि उपभोग दुसऱ्याचा. गटात गेल्यावर पहिल्याच रविवारी डोळे उघडे ठेवून बघावे: घमेले कोण उचलतो आणि सायकल कोण चालवतो? जो इंजिनिअर सायकल घेऊन आला तोही माती वाहतो का? वाट कुठून काढायची हे ठरवताना आपल्या पोराला विचारतात का? चहा एकाच किटलीतून सगळ्यांना मिळतो का? उत्तरे बरोबर असतील तर राहावे. आपली पोरे खणायला आणि त्यांची फोटोला, असा प्रकार असेल तर तिथल्या तिथे बोलावे, आणि सुधारणा नसेल तर घरी यावे. त्यासाठी टेकडी सोडायचे कारण नाही. 20 मार्च 1927 ला महाडला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते केवळ तहान भागवायला नव्हे. सार्वजनिक जागा सर्वांची, हा हक्क वापरला तरच टिकतो.

आता आरोग्याकडे येऊ. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे 2023 साली प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात की भारतात 10 कोटींवर लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. बाबासाहेबांचे शरीरही अखेरच्या वर्षांत मधुमेहाने पोखरले होते, हे आपण जाणतो. पूर्वी याला श्रीमंतांचा रोग म्हणत. विहारात साखर तपासायला बसलो की कळते, तो आता पत्र्याच्या घरातही मुक्कामाला आला आहे.

इथे आमच्या धुणीभांडी करणाऱ्या भगिनी हमखास म्हणतात, "ताई, आम्ही सकाळपासून राबतो, आम्हाला कसला व्यायाम?" त्यांचे राबणे आम्ही जाणतो. पण चार घरची भांडी वाकून घासण्यात कंबर आणि मनगटे झिजतात, श्वास मात्र वाढत नाही. ओझे असते, घाई असते, विसावा नसतो. व्यायामात शरीराला हवे तेवढा वेग, मग आराम, मग पुन्हा वेग असे मिळते. हृदयाला बळ येते ते त्यातून. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारे काम. मुलांना रोज 60 मिनिटे. आता हिशेब करा. टेकडीवर तासभर सायकल किंवा भरभर चाल, आणि एक-दीड तास कुदळ-फावडे. दोन्ही प्रकारचा व्यायाम एकाच सकाळी झाला, जिमची फी न भरता. अर्थात रविवारचा एकच दिवस पुरत नाही. स्नायू काम करतात तेव्हा रक्तातली साखर ओढून घेतात, आणि हा परिणाम साधारण एक-दोन दिवसच राहतो. म्हणून मधुमेही माणसाने मध्ये दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पाडू नये. गुडघे दुखणाऱ्यांना सायकल चालण्यापेक्षा सोपी जाते, कारण अंगाचे वजन सीटवर असते.

तथागतांनी भिक्खूंना चंक्रमण सांगितले ते ध्यानासाठी, हे आपण ऐकतो. पण अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे जे पाच लाभ आहेत त्यांत प्रवास सोसण्याची ताकद, निरोगी शरीर आणि खाल्लेले नीट पचणे हेही आहे. व्यायामाला धम्माबाहेरची चैन समजणाऱ्यांनी हे वाचावे.

वाटेचे काम म्हणजे नुसती माती उकरणे नव्हे. ती शिकण्याची विद्या आहे आणि तिचा मुख्य विषय पाणी. टेकडीवरची वाट सरळ वरून खाली काढली की पावसाचे पाणी तिच्यातूनच धावते, माती घेऊन जाते आणि दोन पावसाळ्यांत वाटेचा ओहोळ होतो. म्हणून चांगली वाट उताराला आडवी, तिरकी काढतात. तिची बाहेरची कड किंचित खाली ठेवतात, म्हणजे पाणी तिच्यावर न थांबता ओलांडून जाते. मधूनमधून वाटेला थोडा चढ देतात, तिथे पाणी बाजूला पडते. वळणावर दगड बसवतात. लोकांनी पाडलेल्या आडवाटा काटे टाकून बंद करतात, आणि पाऊस पडून गेल्यावर माती ओली असेपर्यंत त्यावरून सायकल नेत नाहीत, नाहीतर चाकाची चाकोरी पाण्याला आयता पाट होतो. वनखात्याच्या जागेत परवानगीशिवाय नवी वाट काढायची नसते, हेही तिथेच शिकायला मिळते.

ज्यांना हे उपरे वाटेल त्यांनी कान्हेरीला जाऊन यावे. कातळावर पडणारे पाणी वळवण्यासाठी खोदलेल्या पन्हळी आणि ते साठवणाऱ्या पोढ्या तिथे आजही आहेत. डोंगरातले पाणी कसे चालते हे भिक्खूंना आणि त्यांच्यासाठी खोदणाऱ्या कारागिरांना ठाऊक होते. पुण्याजवळ कार्ले, भाजे, बेडसे आणि जुन्नरची लेणी आहेत. सायकलीवर डोंगर चढायची सवय झालेली मुले पुढे लेण्यांच्या वाटेलाही लागतील. मात्र लेण्यांच्या परिसरात पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय कुदळ मारू नये, दगडही हलवू नये.

टेकडीची माती वाहून शेवटी जाते कुठे? खाली. आपल्या गल्लीत, आपल्या गटारात, ओढ्यात. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा काय झाले, हे ओढ्याकाठच्या लोकांना विचारा. त्या पुराला कारणे पुष्कळ होती आणि चार वाटा दुरुस्त करून पूर अडत नाही. पण वरच्या उतारावर माती धरून ठेवायची निकड जेवढी पायथ्याला राहणाऱ्याला आहे, तेवढी सोसायटीत राहणाऱ्याला नाही. या गटांना आपली गरज आहे ती नुसत्या हातांसाठी नव्हे. पाणी कुठून घुसते हे आपल्याला ठाऊक असते.

तरुणांबद्दल थोडे. दहावी-बारावीनंतर काम नाही, कॉलेज सुटले, संध्याकाळी कट्टा आणि मग गुटखा, पुढे बाटली. या पोरांना भाषण देऊन उपयोग होत नाही, हे पंचवीस भाषणे झाल्यावर सांगतो आहोत. पहाटे पाचला कोणीतरी हाक मारणारे असले की रात्री उशिरापर्यंत पिता येत नाही. चेन बसवणे, पंक्चर काढणे, ब्रेक लावणे हे हातात आले तर उद्या दुरुस्तीचे दुकानही निघू शकते. शिवाय बँकेतला, कॉलेजातला, दवाखान्यातला माणूस शेजारी उभा राहून घाम गाळतो. प्रवेशाची, भरतीची माहिती अशाच ठिकाणी कानावर पडते.

मुलींना पाठवायचे म्हटले की घरोघरी एकच कुजबुज: सायकलने मुलीच्या शरीराचे काही बिघडते. काही बिघडत नाही. गर्भाशयाला काही होत नाही, पाळीला काही होत नाही, आणि कौमार्याच्या नावाने जे बोलले जाते त्याला वैद्यकशास्त्रात आधार नाही. पाळीच्या दिवसांत बरे वाटत असेल तर खुशाल चालवावी. खरा प्रश्न रक्ताचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. मुलीला टेकडीवर धाप लागली की "तिला जमत नाही" म्हणून घरी बसवू नका, हिमोग्लोबिन तपासा. बारापेक्षा कमी असेल तर लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात, त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. आठच्या खाली असेल तर आधी उपचार, मग चढ.

सुरू करण्याआधी चाळिशीपुढच्यांनी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. रक्तदाब 180/110 किंवा त्याहून जास्त असेल तर तो आटोक्यात येईपर्यंत थांबावे. चढताना छातीत दुखते किंवा दाटून येते त्यांनी डॉक्टरांना भेटल्याशिवाय जाऊ नये. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवावी. हात थरथरले, दरदरून घाम आला की लगेच खावी. घरी आल्यावर पायाचे तळवे बघावेत, बधिर पायाला जखम कळत नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन दहा वर्षांत घेतले नसेल तर घ्यावे. दगड हाताने उलथू नये, पहारेने उलथावा. खाली विंचू असतो, कधी साप. साप चावलाच तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे काही करू नये. चावलेला हात किंवा पाय हलू न देता 108 ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठावे. सायकलीवरून पडून डोक्याला मार लागला आणि नंतर उलटी झाली, ग्लानी आली, तर "झोपला की बरा होईल" म्हणू नका, लगेच न्या.

हेल्मेटशिवाय उतारावर सोडायचे नाही. यात सवलत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. नवी बरी गिअरची सायकल दहा-पंधरा हजारांच्या पुढेच जाते, ती घ्यायची कोणालाच गरज नाही. वाटेच्या कामाला सायकल लागत नाही, आणि चालवण्यासाठी गटात बहुधा कोणाची तरी जादा असते. आमची सूचना विहार समित्यांना आहे. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेला जे भाडे जाते, त्यात जुन्या पण दुरुस्त केलेल्या तीन-चार सायकली आणि तेवढीच हेल्मेटे येतात. ती विहारात ठेवावीत, वहीवर नाव लिहून द्यावीत, आणि वही एखाद्या मुलीच्या हाती असावी. पाऊस संपून माती वाळली की वाटांची दुरुस्ती सुरू करता येते. तोवर सायकली गोळा करायला, इंजेक्शने घ्यायला आणि हिमोग्लोबिन तपासायला वेळ आहे. तपासणीला आम्ही येऊ.