जुन्या मोटारीचे दात कोणी मोजायचे?

सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात खिलारी खोंड घ्यावयास गेलेला शेतकरी विकणाऱ्याच्या तोंडाकडे फारसे पाहत नाही. तो खोंडाच्या तोंडात पाहतो. आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला आहे, हे तो बोटाने चाचपून ठरवितो. जनावराला चालवून पाहतो, खुरे उचलून पाहतो आणि मगच रुमालाखाली बोटांची बोलणी सुरू होतात. जनावर डोळ्यांसमोर उभे असल्यावाचून विसाराचा एक रुपयाही हात बदलत नाही. हा व्यवहारधर्म कोणत्याही महाविद्यालयात शिकविला जात नाही. तो अनेक पिढ्यांच्या ठेचांतून तयार झालेला आहे.

याच घरातला पदवीधर मुलगा मात्र मोबाइलच्या पडद्यावर दिसलेल्या एका लाल, बुटक्या, दोन दारी स्पोर्ट्‌स मोटारीच्या छायाचित्रावर लुब्ध होऊन, कधी न पाहिलेल्या माणसाला, कधी न पाहिलेल्या मोटारीसाठी पन्नास हजारांचा विसार पाठवून मोकळा होतो. बापाने खोंडाच्या बाबतीत जे कधी केले नसते, ते मुलगा त्याच्या कितीतरी पट किमतीच्या वस्तूच्या बाबतीत करतो. मुलगा बापापेक्षा मूर्ख आहे, असा याचा अर्थ नव्हे. बाजार बदलला आणि बाजाराबरोबर वाढलेले शहाणपण मात्र जुन्या बाजारातच राहून गेले, असा त्याचा अर्थ आहे.

ठकबाजीच्या चार तऱ्हा

वापरलेल्या मोटारींच्या ऑनलाइन व्यवहारात आज जी फसवणूक होते तिच्या ढोबळ मानाने चार तऱ्हा सांगता येतात. पहिलीत मोटारच अस्तित्वात नसते. छायाचित्रे कोणाच्या तरी जुन्या जाहिरातीतून उचललेली असतात. किंमत बाजारभावाच्या निम्मी असते आणि त्या निम्म्या किमतीचे कारणही तयार असते. विक्रेता सैन्यात किंवा केंद्रीय सुरक्षा दलात आहे, त्याची तातडीने बदली झाली आहे, मोटार विमानतळावर किंवा छावणीत उभी आहे, असे सांगितले जाते. गणवेशातले छायाचित्र आणि ओळखपत्राची प्रत मोबाइलवर येते. आपल्याकडे घराघरांतून मुले सैन्यात गेलेली आहेत. गणवेशाविषयीच्या या आदराचेच भांडवल केले जाते. पुढे वाहतूक खर्च, मग कर, मग 'परत मिळणारी' अनामत, अशी एकामागून एक मागणी येते. आधी भरलेले पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे पैसे भरत जातो.

दुसऱ्या तऱ्हेत विकणारा फसतो. खरेदीदार म्हणविणारा घासाघीस न करता किंमत मान्य करतो आणि 'पैसे पाठवितो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका' असे सुचवितो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, तो केवळ देण्यासाठीच लागतो, एवढी एक गोष्ट ठाऊक असली तरी हा डाव उधळतो. यूपीआयवर एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैशाची मागणी पाठविण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली, ती याच अनुभवामुळे.

तिसरी तऱ्हा अधिक धूर्त आहे. तीत मोटारही खरी असते आणि मालकही खरा असतो. खोटा असतो तो मधला माणूस. तो मालकाची जाहिरात उचलून कमी किमतीत स्वतः लावतो. मालकाला सांगतो, 'माझा मेव्हणा मोटार पाहावयास येईल, त्याच्याशी किमतीचे बोलू नका.' खरेदीदाराला सांगतो, 'मोटार माझ्या भावाकडे आहे, त्याच्याशी पैशाचे बोलू नका.' दोघे प्रामाणिक लोक समोरासमोर उभे राहतात, मोटार पाहतात, पसंत करतात आणि पैसे तिसऱ्याच्याच खात्यात जातात. किमतीविषयी बोलू नका, असे जो सांगतो त्याच्याशी व्यवहारच करू नये, हा यावरचा साधा उपाय होय.

चौथ्या तऱ्हेत मोटार हाती येते, पण ती दाखविली तशी नसते. धावलेल्या किलोमीटरचा आकडा मागे फिरविलेला असतो, अपघातात मोडलेला सांगाडा रंगाखाली झाकलेला असतो किंवा मोटार पुरात बुडून निघालेली असते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात सीनेने माढा-मोहोळचा परिसर बुडविला. प्रत्येक महापुरानंतर बुडालेल्या मोटारी कोठेतरी जातातच. दुरुस्तीचा खर्च विमाकृत मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला की विमा कंपनी ती मोटार संपूर्ण हानी झालेली समजते आणि तिचा सांगाडा लिलावात जातो. तो दुरुस्त होऊन दूरच्या गावी 'एकहाती वापरलेली' म्हणून पुन्हा अवतरू शकतो.

अर्थशास्त्र काय सांगते?

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषयच मुळी जुन्या मोटारींचा बाजार हा होता. तीन नियतकालिकांनी तो साभार परत केला होता. २००१ साली त्याच कामगिरीसाठी अकरलॉफ यांना स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मोटार चांगली की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा सरासरी किंमतच देऊ करतो. ज्याची मोटार खरोखर चांगली आहे त्याला ती किंमत परवडत नाही म्हणून तो बाजारातून निघून जातो. तो गेल्यावर उरलेल्यांची सरासरी आणखी घसरते, किंमत आणखी उतरते आणि उरल्यासुरल्यांतले बरेही निघून जातात. शेवटी बाजारात राहते ती केवळ नासकी मालमत्ता.

अकरलॉफ यांनी आपल्या विवेचनात भारतातील उदाहरणेही घेतली होती. बाजारातील तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळाच्याच रंगाचे खडे निवडीत बसणारी भारतीय गृहिणी त्या निबंधात आहे. तिचा तो निवडण्यातला वेळ हीसुद्धा अप्रामाणिकपणाची किंमतच होय. म्हणजे ठकबाजीने होणारे नुकसान फसलेल्याच्या खिशापुरते मर्यादित नसते. सोलापुरातला एखादा प्राध्यापक, डॉक्टर वा यंत्रमागधारक आपली नीट सांभाळलेली मोटार विकावयास काढतो तेव्हा त्याला रास्त किंमत मिळत नाही, कारण खरेदीदार आधीच धास्तावलेला असतो. ठकाने न फसविलेल्या माणसालाही ठकाचा दंड भरावा लागतो.

स्पोर्ट्‌स मोटारींची विशेष जोखीम

सर्वसाधारण मोटारीची किंमत चार जणांना ठाऊक असते, चौकातला मिस्त्री तिचा आवाज ओळखतो. स्पोर्ट्‌स मोटारीचे तसे नाही. सोलापुरात ती पाहिलेलेच थोडे. दुरुस्तीसाठी अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याकडे धाव घ्यावी लागणार. जेथे तुलनेला दुसरी वस्तू नाही तेथे विकणाऱ्याचा शब्द हाच भाव ठरतो.

या क्षेत्रातील काही प्रकरणे बोधप्रद आहेत. २०१२ साली दिल्लीच्या प्रदर्शनात मांडली गेलेली 'डीसी अवंती' ही भारतीय बनावटीची स्पोर्ट्‌स मोटार म्हणून मोठ्या अभिमानाने मिरविली गेली. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी याच मोटारींसंबंधी गुन्हा नोंदविला. एकाच इंजिन व चेसिस क्रमांकावर दोन राज्यांत दोन नोंदी झाल्याचा आणि त्या आधारे कर्जे उचलल्याचा आरोप त्यात होता. आरोप म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे, हे येथे स्पष्टच म्हटले पाहिजे. परंतु नोंदणीपुस्तक हाती असणे म्हणजे निश्चिंती नव्हे, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही. जुलै २०२१ मध्ये महसूल गुप्तवार्ता संचालनालयाने परकीय राजनैतिक अधिकाऱ्यांच्या नावे जकात चुकवून आणलेल्या आलिशान मोटारींचे प्रकरण उघडकीस आणले. सप्टेंबर २०२५ मध्ये भूतानमार्गे आणलेल्या मोटारींच्या शोधात सीमाशुल्क खात्याने केरळात झडत्या घेतल्या. अशी मोटार कितव्याही हाती गेलेली असो, जप्तीची टांगती तलवार तिच्यासोबतच फिरते.

दिल्लीच्या स्वस्त मोटारींचे आकर्षणही असेच तपासून घ्यावयास हवे. राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर आलेले निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरले. २०२५ मध्ये त्यांत फेरफार झाले. या धाकामुळे तिकडील मोटारी स्वस्त झाल्या. पण परराज्यातील मोटार बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवावयाची तर मूळ नोंदणी कार्यालयाचा ना-हरकत दाखला, नवा क्रमांक आणि महाराष्ट्राचा कर हे सारे आलेच. हा खर्च मिळविल्यावर स्वस्ताई किती उरते, याचे गणित आधी मांडावे.

घेणाऱ्याने काय करावे?

मोटार प्रत्यक्ष पाहिल्यावाचून, चालविल्यावाचून आणि जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घेतल्यावाचून विसार देऊ नये, हा पहिला नियम. मोटारीलाही दात असतात, ते मोजावेत. टायरच्या कडेवर चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दर्शवितात. पंधरा हजार किलोमीटर धावल्याचे सांगितलेल्या मोटारीचे टायर दुसऱ्यांदा बदललेले दिसले तर काटा खोटे बोलत आहे, असे समजावे. काचांवरील खुणा एकमेकींशी जुळतात का, आसनपट्टा शेवटपर्यंत ओढल्यावर चिखलाचा डाग दिसतो का, गालिच्याखाली गंज आहे का, हे पाहावयास पैसे पडत नाहीत.

दुसरा नियम कागदांचा. चेसिसवर कोरलेला सतरा अक्षर-अंकी क्रमांक नोंदणीपुस्तकाशी आणि शासनाच्या 'वाहन' नोंदींशी ताडून पाहावा. पुस्तकावर कर्जाचा बोजा असेल तर वित्तसंस्थेच्या सहीचा नमुना ३५ आणि तिचा दाखला मागावा. नमुना २९ व ३० वर सह्या झाल्या म्हणजे व्यवहार पूर्ण झाला, असे नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार विकणाऱ्याने राज्यांतर्गत व्यवहारात १४ दिवसांत आणि परराज्यातील व्यवहारात ४५ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावयाचे असते. घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत आहे. हे विकणाऱ्याच्याही हिताचे आहे. पुस्तकावर ज्याचे नाव, अपघाताची भरपाई त्याच्या माथी, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिलेला आहे.

तिसरा नियम पैशाचा. पैसे द्यावयाचे ते पुस्तकावर ज्याचे नाव आहे त्याच्याच बँक खात्यात. त्याच्या मेव्हण्याच्या, वाहतूकदाराच्या वा 'अधिकाऱ्याच्या' खात्यात नव्हे. आणि फसगत झालीच तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. पैसा खात्यांतून पुढे सरकण्यापूर्वी गोठविता येतो. दिवस उलटला की तो हाती लागणे कठीण.

शासनाने काय करावे?

तथापि सारा भार खरेदीदाराच्या सावधपणावर टाकून मोकळे होणे न्याय्य नाही. फसलेल्याला 'हाव नडली' म्हणून हिणविणे सोपे आहे. परंतु ज्या माहितीवाचून तो फसला ती माहिती कोणाजवळच नव्हती काय? अपघाताचे व पुराचे दावे विमा कंपन्यांच्या दप्तरी असतात, कर्जाचा बोजा वित्तसंस्थांच्या दप्तरी असतो, चोरीच्या नोंदी पोलिसांच्या दप्तरी असतात. ही दप्तरे एकत्र आणून, वाहन क्रमांक घालताच त्याचा सारा पूर्वेतिहास माफक शुल्कात कोणाही खरेदीदाराच्या हाती पडेल अशी व्यवस्था शासनाला अशक्य नाही.

वापरलेल्या वाहनांच्या व्यापाऱ्यांना प्राधिकारपत्र घेणे बंधनकारक करणारे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. मोटार अशा व्यापाऱ्याच्या ताब्यात दिल्याची रीतसर सूचना झाली की पुढील हस्तांतरापर्यंत तोच मालक समजला जातो. नियम उत्तम आहे. पण आपल्या शहरातील किती ग्राहक व्यापाऱ्याकडे ते प्राधिकारपत्र मागतात आणि परिवहन कार्यालय त्याची यादी कोठे लावते? जाहिराती छापून पैसा मिळविणाऱ्या संकेतस्थळांनीही जाहिरातदाराचे नाव नोंदणीपुस्तकाशी ताडल्यावाचून जाहिरात स्वीकारू नये, असे बंधन घालावयास हवे. गावच्या बाजारात बाजार समिती जी जबाबदारी घेते ती या नव्या बाजाराच्या मालकांना टाळता येणार नाही.

बाजार हा विश्वासावर चालतो, असे आपण सहज म्हणून जातो. वास्तविक तो तपासता येणाऱ्या विश्वासावर चालतो. तपासण्याची साधने ग्राहकाच्या हाती देणे हे शासनाचे काम आणि ती वापरल्यावाचून खिशात हात न घालणे हे ग्राहकाचे. या दोहोंपैकी एक जरी सुटले तरी निम्म्या किमतीची ती लाल मोटार पडद्यावर चकाकत राहील आणि प्रामाणिक माणसाची मोटार दारातच उभी राहील.