सही एका दिवसाची, नाका सत्तर वर्षांचा

परवा लक्ष्मीभुवन चौकात चहा पिताना ब्रेक्झिटचा विषय निघाला. मित्र म्हणाला, "अबे, बाहेर पडायचं तर पडायचं! सीमेवर चार माणसं बसवली की झालं." तेव्हा मी हसलो, पण घरी आल्यावरही डोक्यात तेच. खरंच इतकं सोपं असतं?

याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. १८७८ साली ब्रिटन आणि पोर्तुगालने करार केला आणि १८८० पासून गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातली जकात उठली. मुरगावचं बंदर आणि घाटातली रेल्वे याच करारातून आली. पण सगळं गोड नव्हतं. गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा आला. पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळाले, मीठ पिकवणाऱ्यांच्या मात्र पोटावर पाय आला. १८९२ मध्ये १२ वर्षांची मुदत संपली आणि करार पुढे चालू राहिला नाही.

झालं! रूळ तेच, गाडी तीच, पण आता घाटावर कॅसलरॉकला इंग्रजांचा नाका आणि घाटाखाली कुळे स्टेशनवर पोर्तुगीजांचा. एकाच प्रवासात दोनदा तपासणी. १९४७ नंतर इंग्रजांच्या जागी आपले अधिकारी आले, नाका राहिलाच. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा कुठे ही सीमा गेली.

आता ब्रिटन बघा. ३१ जानेवारी २०२० ला संघ सोडला. १ जानेवारी २०२१ पासून युरोपने ब्रिटिश माल तपासायला सुरुवात केली. ब्रिटनची स्वतःची तयारीच नव्हती! युरोपातून येणाऱ्या मांस, चीज अशा बऱ्याच मालाची बंदरावरची तपासणी पुढे ढकलत ढकलत ३० एप्रिल २०२४ ला सुरू झाली. म्हणजे तीन वर्षं ब्रिटिश विक्रेत्याला कागदांचा ढीग, आणि समोरच्याला बराचसा रस्ता मोकळा.

यात मरतो तो छोटा माणूस. मोठी कंपनी कस्टम्स एजंट ठेवते. छोट्याला मात्र एका खोक्यासाठीही जवळपास तेवढेच फॉर्म भरावे लागतात, जेवढे कंटेनरभर मालाला. नागपूरच्या वेशीवर २०१३ पर्यंत जकात नाके होते, तिथल्या ट्रकच्या रांगा ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

बाहेर पडणं चूकच, असं मी म्हणत नाही. गोव्याच्या मिठागरवाल्याला विचारलं असतं तर तोही बाहेरच पडला असता. माझं म्हणणं एवढंच, की आधी नाका बांधा, माणसं शिकवा, छोट्या मालासाठी सोपी वाट ठेवा आणि मग तारीख जाहीर करा. आम्ही साधं सॉफ्टवेअर बदलतानाही जुनं बंद करण्याआधी नवं चालवून बघतो. देशाच्या सीमेला एवढी तरी काळजी नको?